जाळी कोणत्या रंगाची होती

धावडा, ता. भोकरदन
२ मार्च १९७५

देवानंद भाऊजी यांस,
सप्रेम जयभीम.

तुम्ही फटफटी ट्रकात घालून जाफराबादला नेली त्याला तीन आठवडे झाले. छपरात जिथे ती नऊ महिने पोत्यांखाली उभी होती तिथे मातीवर तेलाचा एक डाग राहिला आहे. कोंबड्या त्याला वळसा घालून जातात. मीही घालते.

गाडी चालू झाली का, ते कळवा. झाली असेल तर आता एका गोष्टीकडे लक्ष द्या. तुमच्या भावाने ती औरंगाबादच्या छावणीत लिलावात घेतली तेव्हा तुम्ही शिकायला होता, म्हणून सांगते. ती मिलिटरीची गाडी, कच्च्या रस्त्यासाठीच केलेली. घेतली तेव्हाच म्हातारी होती. तिचा सगळा जीव सीटखालच्या गोल डबीत आहे. तिला फिल्टर म्हणतात. आत तारेची जाळी असते. इंजिन त्या जाळीतून श्वास घेते. आपल्याकडची काळी धूळ तुम्हाला ठाऊक आहे, ती दळलेल्या पिठाहून बारीक. जाळी तेलाने ओली असली तर धूळ तिला चिकटते आणि आत जात नाही. कोरडी असली तर धूळ थेट इंजिनात जाऊन बसते.

उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी जाळी काढावी. घमेल्यात रॉकेल घेऊन त्यात बुडवून हलवावी, घासू नये. तारा वाकतात. पहिले रॉकेल काळे होते ते टाकून दुसरे घ्यावे. मग सावलीत वाळवावी. मग ऑइलमध्ये बुडवून तीन-चार तास निथळू द्यावी. तेल जास्त राहिले तर गाडीला धाप लागते.

देवी टोचायला हे गावोगाव जात आणि संध्याकाळी भुवयांपर्यंत धुळीने माखून येत, म्हणून हे काम पहिल्या वर्षापासून माझ्याकडे आले. निथळायला जाळी जुन्या वर्तमानपत्रावर ठेवायची. मी अक्षरे तिथेच शिकले, हे तुम्हाला कधी सांगितले नाही. हे जेवायला बसले की मी पान पुढे करून विचारायची, हे कोणते, ते कोणते. तेल पडले की कागद काचेसारखा होतो आणि मागच्या पानावरची अक्षरे उलटी होऊन पुढच्या पानात वर येतात. कापसाच्या भावात कुणाच्या तरी लग्नाची बातमी मिसळते. मला पुष्कळ दिवस वाटायचे की वाचणे म्हणजे हेच, एका गोष्टीखालून दुसरी दिसणे.

डबी उघडाल तेव्हा जाळी कोणत्या रंगाची आहे आणि तिला वास कसला येतो, तेवढे मला लिहा. विसरू नका.

तुम्हाला व प्रभावतीला जोडीने आशीर्वाद.
तुमची वहिनी,
मालन

*

जाफराबाद
१४ मार्च १९७५

ती. मालनवहिनी यांना,
सप्रेम जयभीम.

पत्र पावले. गाडी चालू झाली. शाळेच्या मैदानाला चार फेऱ्या मारल्या. हेडमास्तर व्हरांड्यात उभे राहून बघत होते. म्हणाले, "सर, ही चालवून राह्यले का हिला फिरवायला काढलं?" पोरांनी तिचे नाव आजोबा ठेवले आहे.

सुरू होते, पण धापा टाकते. चढ आला की मागून काळा धूर सोडते आणि खोकते. प्रभावती म्हणाली, "हिला दमा हाय. अडुळशाचा काढा पाजा." इथल्या मिस्त्रीला दाखवली. तो म्हणतो, काही नाही, जुनी आहे, तिच्याकडून जास्त मागू नका.

फिल्टर अजून उघडला नाही. डबीचा बोल्ट गंजला आहे आणि वार्षिक परीक्षांची तयारी चालू आहे. रंगाचे आणि वासाचे लक्षात ठेवतो. वहिनी, तुम्ही गाडीची इतकी काळजी करता हे वाचून मला बरे वाटले. दादाची आठवण तुम्ही नीट सांभाळता आहात. मीही तिला सांभाळीन.

त्या वर्तमानपत्रांचे मी प्रभावतीलाही वाचून दाखवले. मी पोरांना बाराखडी शिकवतो, पण अक्षराच्या मागचे अक्षर मला कधी दिसले नाही.

आपला,
देवानंद

*

धावडा
२० मार्च १९७५

भाऊजी,
जयभीम.

बोल्टवर रॉकेल टाकून एक दिवस ठेवा, सुटेल. मिस्त्रीला उघडू देऊ नका. तो पुसून टाकील आणि मग काही कळणार नाही. तुमच्या हातांनी उघडा.

काल दुपारी जेवण झाल्यावर डोळा लागला. छपरात गाडी उभी होती, पोत्यांखाली. पोती हलत होती. बसलेल्या म्हशीची कूस हलते तशी, सावकाश वर, सावकाश खाली. मी पोते उचलले तर खाली गाडी नव्हती. माती होती, तिच्यावर हात ठेवला तर ऊन ऊन लागली. उठल्यावर मी खरेच जाऊन हात लावून आले. गार होती.

म्हणून म्हणते, लवकर उघडा. मी वाट पाहते आहे.

मालन

*

जाफराबाद
६ एप्रिल १९७५

ती. वहिनी,
सप्रेम जयभीम.

उशिराबद्दल माफी असावी. परीक्षा चालू आहेत. तुम्ही सांगितल्याप्रमाणे बोल्ट सुटला आणि मी स्वतः डबी उघडली.

जाळी चांगली आहे. इंजिन ऑइलचा पातळ काळा थर होता, त्याचाच वास येत होता. थोडी धूळ होती, पण ती असायचीच. तुम्ही धुतलेली जाळी होती, तिला काय होणार आहे. रॉकेलमधून काढली, सावलीत वाळवली, ऑइल दिले, निथळवली. आता गाडी झकास पळते. प्रभावतीला बसवून पूर्णा नदीपर्यंत जाऊन आलो. ती म्हणाली, आजोबांचा दमा गेला.

तेव्हा तुम्ही आता निर्धास्त राहा. उन्हाळा कडक आहे, दुपारची शेतात जात जाऊ नका.

आपला,
देवानंद

*

धावडा
११ एप्रिल १९७५

भाऊजी यांस,
जयभीम.

तुमचे पत्र तीन वेळा वाचले. तुम्ही खोटे लिहिले आहे.

त्या जाळीला इंजिन ऑइलचा वास येणे शक्य नाही, कारण मी तिला इंजिन ऑइल दिलेच नव्हते. हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही, तुमच्या भावालाही नाही. आता तुम्हाला सांगते.

मागच्या उन्हाळ्यात ऑइलचे डबे कुठे मिळत नव्हते. भोकरदनला दोन खेपा केल्या, दुकानदार हात हलवायचा. घरात डब्याच्या तळाशी पावशेर उरले होते. हे म्हणाले, ते इंजिनात घालायला राहू दे. मी जाळी धुऊन बसले होते. मला वाटले, तेल ते तेल. मी करडईचे तेल दिले. स्वयंपाकाचे. जाळी छान ओली दिसत होती, पिवळी, चकचकीत. ह्यांनी विचारले, "झालं का?" मी म्हटले, "झालं." चार दिवसांनी हे गेले.

तो दिवस तुम्ही लोकांकडून ऐकला आहे. खडकवस्तीचे लोक दोन वर्षे लेकरांना टोचू देत नव्हते. देवी आली की तिचा मान ठेवायचा, तिला सुई दाखवायची नाही, असे तिथल्या म्हाताऱ्या म्हणायच्या. ह्यांनी सात-आठ खेपा केल्या असतील. पहिल्या खेपांना तर ह्यांना वस्तीच्या बाहेर बाभळीखाली बसवायचे. शेवटी वस्ती कबूल झाली. दिवस ठरला, १६ मे. त्या सकाळी ह्यांना छातीत जड वाटत होते. मी म्हटले, उद्या जा. म्हणाले, "उद्या गेलो तर त्यांचं मन फिरंल." दोन कोसांवर, टेकडीखालच्या कडूलिंबाजवळ हे पडलेले सापडले. शेजारच्या कचरूने दुसऱ्या दिवशी बैलगाडीत घालून फटफटी आणली. तो म्हणाला, "गाडीच बंद पडल्ती वैनी. मी लई किका मारल्या, चालू झाली न्हाई. ढकलत ढकलत आले आसतील." सगळ्या गावाने तेच धरले. मीही तेच धरले.

हे गेल्यावर दोनेक महिन्यांनी मी फडताळातून करडईच्या तेलाची बरणी काढली. तोंडाशी ओघळलेले तेल घट्ट झाले होते, डिंकासारखे. त्यात दोन माशा अडकलेल्या होत्या. मी बरणी हातात धरून तशीच उभी राहिले. जाळीतही असेच झाले असणार. गाडीचा श्वास मी बंद केला. मग ह्यांनी मे महिन्याच्या उन्हात ती ढकलली.

तेव्हापासून मला हे सारखे दिसतात. भाकरी थापताना, पाणी ओढताना. पाठमोरे, दोन्ही हात हँडलवर, सदरा पाठीला चिकटलेला. तोंड फिरवत नाहीत.

मी स्वतः डबी उघडायला तीनदा छपरात गेले. हात धजला नाही. तुम्हाला गाडी दिली ती तुम्ही चालवावी म्हणून दिली, आणि उघडावी म्हणूनही. तेव्हा मला खरे सांगा. मी वाचायला शिकले ते खोटे वाचण्यासाठी नाही.

मालन

*

जाफराबाद
१९ एप्रिल १९७५

ती. वहिनी यांना,
जयभीम.

माझी चूक झाली. खरे लिहितो.

जाळी पिवळी होती, मधासारखी. बोटाला चिकटत होती आणि काही ठिकाणी कडक झाली होती. वास खवट तेलाचा होता. मिस्त्री म्हणाला, "कुणी येड्याने खायचं तेल घातलं." तेव्हा माझ्या लक्षात आले की तुम्ही रंग का विचारत होता. मी जाळी धुतली नाही. एक नवी आणवून बसवली, गाडी पळते ती त्यामुळे. ती जुनी मी कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवली आणि तुम्हाला चांगले लिहून टाकले. मला वाटले, चांगले लिहिले म्हणजे विषय मिटेल. शाळेत पोर पडले तरी घरी असेच कळवतो, थोडे खरचटले म्हणून.

आता दोन गोष्टी लिहितो. त्या मी बनवलेल्या नाहीत.

एक. हे तेल चार दिवसांत घट्ट होत नाही. बरणीचे तोंड घट्ट व्हायला तुमचे दोन महिने गेले. जाळीचा डिंक झाला तो छपरातल्या नऊ महिन्यांत.

दुसरी. तुमच्याकडून गाडी आणली त्या दिवशी पहिल्यांदा किक मारली, चालू होईना. पाहिले तर पेट्रोलची तोटी बंद होती. टाकीखाली ती छोटी पितळी तोटी असते, गाडी उभी करताना फिरवून बंद करतात. तेव्हा मी नुसती उघडली आणि पुढे गेलो. आता तुमचे पत्र वाचून आठवले. कचरूला ती तोटी माहीत नसणार. त्याच्या किका लागल्या नाहीत त्या त्यामुळे. म्हणून परवा मुद्दाम भोकरदनच्या बाजारात त्याला गाठले. विचारले, गाडी पडलेली होती का? तो म्हणाला, "न्हाई न्हाई. स्टँडवर व्हती. बराबर सावलीत लावल्ती. टोचायची पेटीबी सीटवर ठिवल्ती."

वहिनी, ढकलून थकलेला माणूस गाडी टाकून देतो. दादाने ती स्वतः थांबवली.

आपला,
देवानंद

*

धावडा
२५ एप्रिल १९७५

भाऊजी,
जयभीम.

तुमचे म्हणणे समजले. पण बंद पडलेल्या गाडीचीही तोटी फिरवता येते, आणि ती सावलीपर्यंत ढकलून स्टँडवरही लावता येते. ह्यांचा स्वभाव नीटनेटका होता. शिवाय तुम्ही एकदा खोटे लिहिले, आता खरेही मला तसेच वाटते. हा राग नाही. मीही ह्यांना "झालं" एवढेच म्हटले होते.

एकच उपाय मला दिसतो. ती जुनी जाळी धुऊ नका. तशीच परत डबीत बसवा आणि गाडी घेऊन इकडे या. त्याच रस्त्याने, त्याच उन्हात मला मागे बसवून खडकवस्तीकडे न्या. जाळी आता जितकी बंद आहे तितकी तेव्हा नव्हती, हे तुम्हीच लिहिले. आज गाडी लिंबापर्यंत पोचली तर तेव्हाही पोचली असणार. आज मध्येच मेली तर मला माझे कळेल, आणि आपण दोघे मिळून ती ढकलू.

विधवा बाई दिराच्या मागे फटफटीवर बसली म्हणून गाव बोलेल. बोलू द्या. गावाने अकरा महिने जे सांगितले त्याच्यापेक्षा वाईट काय सांगणार आहे.

१६ मेला या. तुमच्या शाळेला सुट्टी असेल.

मालन

*

धावडा
२० मे १९७५

भाऊजी यांस,
सप्रेम जयभीम.

तुम्ही त्या दिवशी परत जाताना विचारले, "वैनी, काई बोलत न्हाईत?" त्याचे उत्तर आता लिहिते. जे तुम्ही पुढे बसल्यामुळे पाहिले नाही तेही लिहिते.

गाव सुटेपर्यंत मी डोळे मिटून घेतले होते. मालनबाई फटफटीवर चालली, असे कुणीतरी ओरडले ते ऐकले. मग धूळ सुरू झाली. धूळ इतकी मऊ होती की चाके रस्त्यावर आहेत की नाही ते कळेना. मागे वळून पाहिले तर आपल्यामागे गाव नव्हते. पिवळा पडदा होता आणि त्यावर आपला काळा धूर पसरत होता. तेल सांडलेल्या कागदासारखे सगळे दिसत होते, टेकडीतून झाडे, झाडांतून आभाळ. मला वाटले, हे रोज इथून जात होते आणि मला फक्त त्यांच्या सदऱ्यावरची धूळ माहीत होती.

गाडी खोकत होती. पहिल्या चढाला ती जवळजवळ थांबली. तुम्ही शिव्या दिल्या त्या मी ऐकल्या, आणि त्या तुमच्या भावाच्याच होत्या. मग तिने घशातले काही गिळावे तसा आवाज केला आणि चढली.

लिंब लांबून दिसला. तुम्ही मान वळवून म्हणालात, "थांबू का, वैनी?" मी म्हटले, "नगं. चालू द्या." तुम्हाला वाटले असेल की मला ती जागा बघवत नव्हती. तसे नाही. मला भीती होती की थांबवली आणि परत चालूच झाली नाही तर माझा प्रश्न जिथल्या तिथे राहील. चालत्या गाडीवरूनच मी पाहिले. खाली दाट सावली होती. बुंध्याशी बसायला बरा असा एक चपटा दगड होता. एवढेच दिसले आणि लिंब मागे गेला. गाडी चालत होती. मी तुमच्या खांद्याला धरले ते तेव्हा.

हे तिथे ढकलत आले नाहीत. छातीत दुखले असेल, सावली दिसली, गाडी लावली, तोटी फिरवली, पेटी उन्हात तापू नये म्हणून सीटवर सावलीत ठेवली. आणि दगडावर बसले. गावाने सांगितलेले ते दृश्य मी इतके दिवस वागवले, त्यात मीच ह्यांना उन्हात उभे केले होते.

आता वस्तीवरचे. तुम्ही गाडी गार करत बाहेर पुरुषांत बसला होता. मला तुळजाबाई नावाच्या म्हातारीने घरात बोलावले. आपल्या तांब्यातून पाणी दिले, ते मी प्यायले. मग तिने विचारले मी कोण. मी सांगितले, धर्मराज, देवी टोचणारे डॉक्टर, त्यांची मी मालकीण. तिने माझ्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला. म्हणाली, "लई वाट पाह्यली गं बाई त्या दिशी."

मला कळले नाही. ती म्हणाली, "समद्या लेकरांना धुऊन पुसून वट्यावर बसवल्तं. जेवायला सुदिक सोडलं न्हाई, म्हनलं आदी टोचू दे. दिस मावळला. आमी म्हनलं, बघा, हेबी सरकारी मानूस. बोलला आन् आला न्हाई. दोन दिसांनी कळलं."

भाऊजी, मी इतके दिवस समजत होते की त्या दिवशी ह्यांची वाट पाहणारी मी एकटीच होते.

मी विचारले, "मग लेकरं तशीच राहिली का?"

"न्हाई गं. महिन्याने दुसरा आला, जीप घिऊन. पोरगाच व्हता, दमदाटी कराया लागला. म्हातारे उठून चालले. मी म्हनलं, बसा खाली. याला न्हाई, त्याला शबुद दिल्ता आपुन. बसले मंग."

तिने दाराशी जाऊन हाक मारली. लेकरे जमली. कुणी मातीत खेळत होती, कुणाच्या कडेवर दुसरे होते. "डाक्टरच्या मालकिनीला दाखवा," ती म्हणाली. त्यांनी एकेकाने बाही वर केली. सगळ्यात लहान होते त्याला सदराच नव्हता, त्याने नुसता दंड पुढे केला. मी एकेकाच्या वणावर बोट ठेवून पाहिले. सगळे भरून आले होते.

मालन